खोलण्याआधी

बॉनेट उघडलं की इंजिन समोर दिसतं. त्याच्याबद्दल बोलायला सगळ्यांनाच आवडतं: किती सीसी, किती पॉवर, पिकअप कसा आहे. गिअरबॉक्स मात्र खाली, आडोशाला, धुळीचे आणि तेलाचे थर अंगावर घेऊन बसलेला असतो. गाडी घेताना त्याच्याबद्दल आपण एकच प्रश्न विचारतो, मॅन्युअल की ऑटोमॅटिक, आणि मग तो बिघडेपर्यंत त्याची आठवणही काढत नाही. मला या डब्याची पहिल्यापासून ओढ आहे. तो खोलताना, जोडताना, खोलणाऱ्यांच्या शेजारी उभं राहून बघताना ती वाढतच गेली. आणि जितके गिअरबॉक्स पाहिले तितकं एक मत पक्कं होत गेलं: त्याच्या दुरुस्तीतलं सगळ्यात अवघड काम बोल्टला पाना लावण्याआधीच करायचं असतं.

आधी तो करतो काय ते बघू. इंजिनचा स्वभाव हट्टी आहे. पेट्रोल इंजिन मिनिटाला सुमारे ८०० फेऱ्यांच्या बरंच खाली गेलं तर बंदच पडतं. खरा जोर ते दीड-दोन हजारांच्या पुढे लावतं आणि सहा-साडेसहा हजारांवर त्याची धाव संपते. चाकाचं सगळंच उलट. ते शून्यापासून निघतं, आणि गाडी ताशी १०० किलोमीटरला पोचली तरी मध्यम मापाचं चाक मिनिटाला जेमतेम ९०० फेरे घेतं. शिवाय त्याला सगळ्यात जास्त जोर नेमका तेव्हा लागतो, जेव्हा ते जागचं हललेलंही नसतं. या दोघांचं जमवून द्यायचं हे गिअरबॉक्सचं काम. पहिल्या गिअरचं गुणोत्तर साडेतीनच्या आणि त्यापुढच्या डिफरन्शियलचं (जोर दोन्ही चाकांत वाटणाऱ्या दातेरी जोडणीचं) चारच्या आसपास धरलं, तर इंजिनचे १४ फेरे होतात तेव्हा चाकाचा एक होतो, आणि घर्षणात जाईल तेवढा वजा केला तर इंजिनचा जोर १४ पट होऊन चाकाला मिळतो. पाचव्या गिअरमध्ये हाच आकडा तीन-सव्वातीनवर येतो. वेग हवा तर जोर सोडायचा, जोर हवा तर वेग सोडायचा. ही देवघेव काही मिलिमीटर रुंदीच्या दात्यांवर, तेलाच्या अतिशय पातळ थराच्या आधाराने, गाडी चालू असेपर्यंत अखंड सुरू असते.

बहुतेकांच्या मनात असं चित्र असतं, की आपण गिअर टाकला की आत दोन दातेरी चाकं सरकतात आणि एकमेकांत अडकतात. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात खरोखरच तसं होतं. आजच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये मात्र पुढे जाण्याच्या सगळ्या गिअरच्या जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्या असतात, अगदी न्यूट्रलमध्येसुद्धा. प्रत्येक जोडीतलं एक चाक शाफ्टवर मोकळं फिरत असतं. आपण दांडा हलवतो तेव्हा सरकते ती स्लीव्ह नावाची कडी, आणि ती त्या मोकळ्या चाकाला शाफ्टशी पक्कं बांधते. पण बांधण्याआधी दोघांचा वेग एक व्हायला हवा. ते काम पितळेची एक रिंग करते. तिचा आतला उतार गिअरच्या उतारावर दाबला जातो, घर्षणाने वेग जुळतो, आणि जुळेपर्यंत तिचे बारीक दाते स्लीव्हला पुढे सोडत नाहीत. १९२८ मध्ये कॅडिलॅकने ही सिंक्रोमेशची सोय बाजारात आणली. त्याआधीचे ड्रायव्हर तेच काम पायाने आणि कानाने करायचे: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून इंजिनचा वेग जुळवायचा, पुन्हा क्लच, मग पुढचा गिअर.

ही रिंग मला या सगळ्या यंत्रातली सर्वांत गुणी वस्तू वाटते. दर वेळी गिअर बदलताना ती स्वतः थोडी झिजते, म्हणून गिअरचे दाते वाचतात. दांडा पुढे ढकलताना हाताला क्षणभर जो अडसर जाणवतो तो तिचाच असतो. हलका, सलग दाब ठेवून त्या क्षणभरासाठी थांबलं की गिअर आपोआप आत जातो. धसक्याने ढकलला तर रिंगला तिचं काम उरकू न देताच आपण स्लीव्ह पुढे रेटतो, आणि मग खालच्या गिअरमध्ये येताना ‘खर्रर्’ असा आवाज यायला लागतो. हा आवाज आधी दुसऱ्या गिअरमध्ये ऐकू येतो, कारण शहरात सगळ्यात जास्त वापर त्याचाच. रिव्हर्सची गोष्ट वेगळी. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो रिंग नसते आणि त्याचे दाते सरळ कापलेले असतात. मागे जाताना येणारा तो किंचित रडका सूर त्या सरळ दात्यांचा. म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकू नये.

चालवण्याच्या सवयींबद्दल फार लिहीत नाही, पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. दांड्यावर हात टेकवून ठेवायची सवय पुष्कळांना असते. तो हात आतल्या फोर्कला, म्हणजे स्लीव्ह सरकवणाऱ्या काट्याला, स्लीव्हच्या खाचेवर सतत दाबत राहतो. एक तिथे स्थिर आणि दुसरी फिरती, तेव्हा झीज ठरलेलीच. दुसरी सवय क्लचच्या पेडलवर पाय ठेवून गाडी चालवण्याची. पायाचं नुसतं वजनही रिलीज बेअरिंगला (क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगला) कामाला लावायला पुरतं. आणि चढावर गाडी हाफ क्लचवर तोलून धरणं म्हणजे क्लच प्लेट जागेवर जाळणं. त्यासाठी हँडब्रेक आहे.

आता ऐकण्याकडे येते.

मी ज्यांच्या हाताखाली शिकले ते उस्ताद गाडी आत घेण्याआधी एक चक्कर मारायचेच. गाडीवाला येऊन म्हणायचा, “गिअरबॉक्स गेलाय, खोलून टाका.” उस्ताद म्हणायचे, “तुम्ही बसा माझ्या शेजारी, आधी एक फेरी मारू या.” त्या फेरीत ते रेडिओ बंद करायचे, काचा खाली करायचे आणि बोलायचे अगदी कमी. गाडीवाल्यालाही गप्प बसवायचे. कधी क्लच दाबून गाडी नुसती सोडून द्यायचे, कधी एकाच वेगाला चौथा, मग पाचवा टाकून बघायचे. परत येईपर्यंत डबा उतरवायचा की नाही हे त्यांचं ठरलेलं असायचं, आणि कितीतरी वेळा उत्तर ‘नाही’ असायचं.

या चाचण्या कुणालाही करता येतात. गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल. क्लच पूर्ण सोडलेला असताना घरघर येते आणि पेडल दाबलं की थांबते, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (इंजिनचा जोर आत आणणाऱ्या शाफ्टच्या) बेअरिंगवर. कारण पेडल दाबल्यावर तो शाफ्ट फिरायचा थांबतो. उलट, पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. पहिल्यासाठी गिअरबॉक्स उतरवून आत हात घालावा लागतो, दुसऱ्यासाठीही तो उतरवावा लागतो पण खोलावा लागत नाही. दोन्हींच्या खर्चात मोठं अंतर आहे, आणि ते कळायला एक पाय आणि एक कान पुरतो.

गिअर पडत नाहीत ही तक्रार घ्या. इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू केलं की एकही धड पडत नाही, तर दोष बहुधा क्लचचा. क्लच पूर्ण सुटतच नाही, इंजिन शाफ्टला ओढत राहतं आणि बिचारी रिंग अख्ख्या इंजिनशी झुंजत बसते. खात्री करायची तर गाडी उभी असताना पेडल पूर्ण दाबायचं, काही सेकंद थांबायचं आणि रिव्हर्स टाकायचा. खरवडल्याचा आवाज आला तर क्लच अडकतोय. अशी एक गाडी माझ्या चांगली लक्षात आहे. दुसरीकडे तिला ‘सिंक्रो गेले, बॉक्स पूर्ण करावा लागेल’ असं सांगितलं होतं. खाली वाकून पाहिलं तर क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब तेलातून क्लचपर्यंत पोचवणारा) गळत होता आणि डबीतलं तेल तळाला गेलेलं. सिलिंडर बदलला, हवा काढली, गिअर पहिल्यासारखे पडायला लागले. बॉक्सच्या एकाही बोल्टला हात लागला नाही.

याउलट क्लच घसरत असेल तर तो वेगळ्या प्रकारे सांगतो. वरच्या गिअरमध्ये, चढावर, अॅक्सिलरेटर दाबला की इंजिनचे फेरे वाढतात आणि गाडी मात्र तेवढी उचलत नाही. जळका वास येतो. मग प्लेट बदलणं आलंच. एकदा गिअरबॉक्स खाली आला की क्लच प्लेटबरोबर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही बदलावं, फ्लायव्हीलचा पृष्ठभाग तपासावा, इंजिनच्या मागचं ऑइल सील पाझरत असेल तर तेही घालून टाकावं. मजुरी मुख्यतः बॉक्स उतरवण्या-चढवण्याची असते. ती एका बेअरिंगच्या काटकसरीसाठी दोनदा का द्यायची?

चालत्या गाडीतला गुणगुणता आवाज हे सगळ्यात फसवं प्रकरण. गिअरबॉक्सच्या माथी मारले जाणारे कितीतरी आवाज चाकाच्या बेअरिंगचे किंवा वेडेवाकडे झिजलेल्या टायरचे असतात. गाडी डावीकडे-उजवीकडे हलकेच झुकवली की आवाज बदलतो? मग चाकाचं बेअरिंग बघा. अॅक्सिलरेटर दिला आणि सोडला की सूर बदलतो? मग गिअर किंवा डिफरन्शियल. वेग तोच ठेवून गिअर बदलला, क्लच दाबला, तरी आवाज जशाचा तसा? मग त्याचा उगम गिअरबॉक्सच्या पुढे, चाकाच्या बाजूला आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या धाटणीच्या गाड्यांत तर एक फारच सुंदर खूण मिळते. त्यांचा चौथा गिअर बहुधा थेट असतो, म्हणजे जोर इनपुट शाफ्टमधून सरळ आउटपुटला जातो आणि खालच्या काउंटरशाफ्टवर, म्हणजे बाकीच्या गिअरचा जोर वाहणाऱ्या शाफ्टवर, भार येत नाही. बाकी सगळ्या गिअरमध्ये घरघर आणि चौथ्यात शांतता असेल, तर काउंटरशाफ्टचं बेअरिंग गेलंय हे बॉक्स न उघडता सांगता येतं. वळताना येणारी ‘टक्-टक्’ ही पुढच्या अॅक्सलच्या जॉइंटची. त्याचं रबरी बूट फाटलं, ग्रीस उडालं, धूळ आत गेली, एवढीच त्यामागची कथा. बूट वेळेत बदललं तर जॉइंट वाचतो.

ऐकून झालं की तेल. मॅन्युअल गिअरबॉक्सचं तेल हा घरच्या घरी करता येण्याजोगा विषय आहे आणि तरीही सगळ्यात दुर्लक्षित. इंजिन ऑइल जळणाच्या काजळीने काळं होतं म्हणून लोक ते बदलतात. गिअरबॉक्समध्ये काही जळत नाही, म्हणून त्यातलं तेल कायमचं असतं असा समज आहे. पण दात्यांच्या दाबाखाली ते चिरडलं जातं, त्यातली रसायनं खर्च होतात, आणि धातूची बारीक पूड त्यातच फिरत राहते. बदलताना एक शिस्त मी कटाक्षाने पाळते: आधी भरायचं बूच उघडायचं, मग निचऱ्याचं. भरायचं बूच गंजून बसलेलं असेल आणि तेल आधीच काढून टाकलेलं असेल, तर गाडी जागेवरच अडकते.

निचऱ्याच्या बुचाला बऱ्याचदा चुंबक असतो, आणि तो या डब्याचा सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार. त्याच्यावर राखाडी, मऊ, बोटांत विरघळणारा लेप असेल तर काळजी नको. ती रोजची झीज. टोचणारे कण, चकाकणारे तुकडे, एखाद्या दात्याचा कोपरा दिसला तर मात्र गाडी पुढे चालवायची नाही. तेलातच पिवळसर चमक असेल तर ती पितळेची, म्हणजे सिंक्रो रिंगची; पितळ चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे तेल उजेडात धरून बघावं लागतं.

आणि तेल कोणतं, हे पुस्तिकेत लिहिलेलंच घालायचं. तेलाच्या डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ असा त्याचा वर्ग लिहिलेला असतो. पाच हा आकडा मोठा म्हणून ते तेल अधिक चांगलं, असं समजून पुष्कळजण ते आणतात. जीएल-५ हे डिफरन्शियलमधल्या प्रचंड दाबासाठी केलेलं आहे, आणि त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं जीएल-४ च्या जवळपास दुप्पट असतात. त्यातली काही पितळेला खातात. शिवाय ते दात्यांना वाचवायला इतकं निसरडं होतं की रिंगची पकडच कमी होते, आणि रिंगचं तर सगळं काम घर्षणावर. महाग तेल घालून गिअर कडक झाले अशी तक्रार आली की मी आधी तेलाचा रिकामा डबा बघायला मागते.

एक छोटीशी जागा आणखी सांगते, कारण ती कुणी बघतच नाही. गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला श्वास घ्यायची एक नळी किंवा टोपी असते. आत तेल तापलं की हवा फुगते आणि तिथून बाहेर पडते. ती चिखलाने बुजली तर आतला दाब वाढतो आणि तेल अॅक्सलच्या ऑइल सीलमधून वाट काढतं. मग सील बदललं जातं, पुन्हा गळतं, पुन्हा बदललं जातं. नवीन सील घालण्याआधी ती टोपी साफ करून बघावी.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हा या घराण्यातला वेगळाच जीव. इथे तेल वंगणापुरतं नसतं. तेच जोर वाहतं, तेच क्लच दाबतं, तेच थंड करतं. त्याची मुळं जहाजांत आहेत: हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये, वाफेच्या टर्बाइनचा वेग जहाजाच्या पंख्याला मानवेल इतका कमी करण्याच्या खटपटीत, द्रवातून जोर वाहून नेण्याची कल्पना पेटंट केली. एक पाती असलेलं चाक तेल भिरकावतं, समोरचं चाक त्या तेलाने फिरतं, मध्ये धातूचा धातूशी संबंधच नाही. १९३९ मध्ये जनरल मोटर्सने हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला आणि १९४० च्या मॉडेलच्या ओल्डस्मोबाईल गाड्यांतून तो रस्त्यावर उतरला. पुढे मोटारींतही दोन चाकांच्या मध्ये तिसरं, तेलाला योग्य दिशेने परतवणारं स्टेटर आलं, आणि असा बनलेला टॉर्क कन्व्हर्टर सुरुवातीचा जोर दुपटीच्या आसपास वाढवू लागला. त्याच्या मागे ग्रहमाला: मध्ये सूर्य गिअर, भोवती ग्रह गिअर, बाहेर आतून दाते असलेलं कडं. यातलं कुठलं धरून ठेवायचं आणि कुठलं सोडायचं, यावर गिअर ठरतो. धरायचं-सोडायचं काम तेलात बुडालेल्या क्लच प्लेट करतात.

या तेलाकडून परस्परविरोधी गोष्टींची अपेक्षा असते. गिअरच्या दात्यांवर त्याने घसरवायचं, आणि क्लच प्लेटवर अचूक तेवढंच पकडू द्यायचं. एके काळी हा गुण आणण्यासाठी त्यात स्पर्म व्हेलचं तेल मिसळत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत व्हेलच्या उत्पादनांवर बंदी आली आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. होहोबाच्या बियांच्या तेलाचाही त्यात विचार झाला. एका गिअरबॉक्सच्या मऊ चालण्यासाठी समुद्रातला तो प्रचंड प्राणी मारला जात होता, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खूप अस्वस्थ झाले होते. आजच्या तेलात हा गुण प्रयोगशाळेत तयार केलेल्या रसायनांनी आणलेला असतो, आणि प्रत्येक गिअरबॉक्सची पकड त्याच्या ठरावीक तेलावर बेतलेली असते. ‘ऑटोमॅटिकचं तेल’ असं एकच तेल आता नाही. पट्ट्यावर चालणाऱ्या सीव्हीटीचं वेगळं, दुहेरी क्लचवाल्याचं वेगळं. सीव्हीटीमध्ये भलतं तेल घातलं तर पोलादी पट्टा पुलीवर घसरतो, आणि एकदा पुली ओरखडली की ती बरी होत नाही.

आता ‘लाइफटाइम ऑइल’. पुस्तिकेत लिहिलेलं असतं की या गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही. कुणाच्या आयुष्यभर, हे लिहिलेलं नसतं. झेडएफ ही कंपनी जगभरातल्या कितीतरी गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवते, आणि तिची स्वतःची शिफारस ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं अशी आहे. मी तीच मानते. उष्णता हा या तेलाचा खरा शत्रू. तापमान दहाएक अंशांनी वाढलं की तेलाचं आयुष्य निम्म्यावर येतं असा एक ठोकताळा आहे, आणि जड भार ओढणाऱ्या, कोंडीत अडकणाऱ्या, सतत चढ चढणाऱ्या गाड्यांना तो नीट लागू पडतो.

याच्याशी जोडलेली एक भीती मला वारंवार ऐकू येते: जुन्या ऑटोमॅटिकचं तेल बदललं की तो बंद पडतो, म्हणून हातच लावू नका. यामागे खरोखर पाहिलेले प्रसंग असतात, पण क्रम उलटा लावलेला असतो. लाख-दीड लाख किलोमीटर कुणी तेलाकडे बघत नाही. मग गिअर उशिरा पडू लागतात, इंजिनचे फेरे मधेच उसळतात, तेलाला जळका वास येतो, आणि तेव्हा घाबरून तेल बदललं जातं. प्लेटवरचं अस्तर तोवर निघून तेलात मिसळलेलं असतं. नवीन तेलाने ते परत येत नाही, आणि दोष तेलावर येतो. म्हणून तेल लक्षणं दिसण्याआधी बदलायचं. लक्षणं नसलेल्या गाडीत मी दाबाने फ्लश करण्यापेक्षा साधा निचरा करून तेवढंच भरणं पसंत करते. एका निचऱ्यात बहुधा निम्मंही तेल निघत नाही, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये राहतं. थोडी गाडी चालवून पुन्हा करायचं. फिल्टर आणि तळाच्या ट्रेमधले चुंबक त्याच वेळी.

पातळी बघणं हेही शिकण्यासारखं आहे. बऱ्याच गाड्यांत ती इंजिन चालू ठेवून, तेल गरम असताना, सपाट जागेवर बघायची असते; काही गाड्यांत इंजिन बंद करून. नव्या गाड्यांत तर डिपस्टिकच नसते. गाडी समपातळीत उचलायची, तेलाचं तापमान स्कॅनरवर ठरावीक अंशांत आणायचं आणि बूच काढून धार बारीक होईपर्यंत थांबायचं. कमी तेलाने पंप हवा ओढतो, जास्त तेल गिअर घुसळतात. दोन्हीकडून फेसच होतो, आणि फेस क्लच दाबू शकत नाही. तेल गुलाबी आणि दुधाळ दिसलं तर रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट आत आलेलं असतं. तेव्हा गाडी लगेच बंद करावी, कारण पाण्याने क्लच प्लेटचं कागदी अस्तर सुटून येतं.

ऑटोमॅटिकमध्येही खोलण्याआधीच्या चाचण्या आहेत. ताशी साठ-सत्तरच्या आसपास, हलक्या अॅक्सिलरेटरवर गाडी थरथरते आणि सगळे इंजिनच्या मागे लागतात: प्लग बदला, कॉइल बदला. अशा वेळी डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करायचा, दिवा लागेल इतकाच. बऱ्याच गाड्यांत त्याने कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच (त्यातली दोन चाकं थेट जोडणारा) सुटतो. थरथर थांबली तर तिचं मूळ तिथे आहे, आणि कधी कधी योग्य तेल बदलूनही ती जाते. गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसली तर ती बहुधा कॉम्प्युटरने स्वतःहून घेतलेली सावध अवस्था असते. कारण एखादा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह), सेन्सरची वायर किंवा नुसती कमकुवत बॅटरीही असू शकतं. कोड वाचायचा, व्होल्टेज मोजायचं, मग पाना घ्यायचा. आणि बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी, गिअरबॉक्स ज्यांना फिरवतो ती चाकं रस्त्यावर ठेवून ओढून नेऊ नये. तेलाचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद म्हणजे आत सगळं कोरडं फिरतं.

एवढं सगळं करूनही खोलायची वेळ येतेच, आणि ते काम मला मनापासून आवडतं. मोठं टेबल, स्वच्छ उजेड, आणि कुठेही धागे सोडणारं फडकं नाही. एका धाग्याने व्हॉल्व्ह बॉडीतला (तेल कुठल्या वाटेने जाईल हे ठरवणाऱ्या भागातला) एखादा बारीक व्हॉल्व्ह अडकू शकतो. निघालेला प्रत्येक ड्रम, प्लेट, वॉशर ज्या क्रमाने आणि ज्या बाजूने निघाला तसाच मांडायचा. नवीन प्लेट बसवण्याआधी त्याच तेलात भिजत ठेवायच्या. बसवल्यावर प्लेटमधली फट फीलर गेजने मोजायची, शाफ्टचा खेळ डायल गेजने. जागेवर न राहणारे वॉशर आणि चेक बॉल व्हॅसलीनने चिकटवायचे, कारण ते तेलात विरघळून जातं. ग्रीस बारीक वाटा बुजवतं. मग, डबा बंद करण्याआधी, प्रत्येक क्लचच्या तेलाच्या वाटेत कॉम्प्रेसरची हवा मारायची. सील नीट बसलं असेल तर पिस्टन दाबला जाऊन ‘ठप्’ असा भरीव आवाज येतो. नुसतीच फुसफूस ऐकू आली तर सील फाटलंय किंवा दुमडलंय, पुन्हा खोलायचं. उस्ताद या वेळी डोळे मिटून घ्यायचे आणि आम्हाला म्हणायचे, “सांगा, कोणता नाही बसला?”

शेवटची धास्ती कन्व्हर्टरची. तो हाताने फिरवत आत सरकवावा लागतो आणि एकामागून एक खाचांत बसत जातो. शेवटची खाच पंपाची. तिथे न बसवताच बोल्ट आवळून बॉक्स इंजिनला खेचला तर पंप तिथल्या तिथे फुटतो, आणि सगळी मेहनत वाया जाते. म्हणून कन्व्हर्टर कडेपासून किती आत गेलाय हे पट्टीने मोजायचं, आणि बोल्ट आवळण्याआधी तो हाताने मोकळा फिरतो का ते बघायचं. मग तेल, स्कॅनरवर जुनी शिकवण पुसणं, आणि एक शांत फेरी, कारण कॉम्प्युटरला नव्या प्लेटची पकड पुन्हा शिकावी लागते. सुरुवातीचे काही दिवस गिअर थोडे हिसक्याने पडले तर गाडीवाल्याला ते आधीच सांगून ठेवावं.

हल्ली मला विचारतात, की विजेच्या गाड्या आल्यावर हे सगळं संपणार का. बरंचसं बदलेल. विजेची मोटर शून्य फेऱ्यांवरच पूर्ण जोर देते, त्यामुळे बहुतेक गाड्यांत एकच गुणोत्तर असतं, नऊच्या आसपास. क्लच नाही, सिंक्रो नाही. पण मोटर मिनिटाला पंधरा-सोळा हजार फेऱ्यांपर्यंत पळते, म्हणजे दाते, बेअरिंग आणि ऑइल सील यांचं काम हलकं झालेलं नाही. डिफरन्शियल तर तिथेही आहे. पेक्यूर या फ्रेंच माणसाने १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी जे केलं तेच तत्त्व. त्या डब्यातही तेल असतं आणि त्यालाही निचऱ्याचं बूच असतं. आणि वर इंजिनचा आवाज नसल्यामुळे बेअरिंगची पहिली कुरबुर आता मेकॅनिकच्या आधी गाडीवाल्याला ऐकू येते. अलीकडे ते स्वतःच फोन करून विचारायला लागले आहेत: अॅक्सिलरेटर सोडला की बारीक सूर येतो, दिला की जातो, काय असेल? मी त्यांना वेग, रस्ता आणि वळणावर काय होतं ते विचारते, आणि गाडी घेऊन या म्हणते, आधी एक फेरी मारू.